पाहुण्याचा पट्टा

काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला कायम एक सुताचा दोरा लोंबत असे आणि त्या दोऱ्याला गाठी मारलेल्या असत. नवा माणूस हमखास विचारायचा, नवस बोललात का काय? नवसबिवस काही नव्हता. आमच्या कारखान्यात चोवीस लूम, म्हणजे विजेवरचे माग, होते, प्रत्येकाचं रोज काही ना काही दुखायचं आणि काकांना लिहितावाचता येत नव्हतं. अमक्या लूमवर तार, म्हणजे उभा धागा, तुटतेय असं कोणी सांगितलं की एक गाठ. तमक्याचा धोटा अडतोय, दुसरी गाठ. काम झालं की गाठ सोडायची. कुठली गाठ कुठल्या लूमची हे त्यांना कसं उमगायचं देव जाणे, पण शिफ्ट सुटताना दोरा सरळ झालेला असायचा.

मी तेव्हा नुकताच तिथे मेहता म्हणून लागलो होतो. भिवंडीत मेहता म्हणजे कारखान्याचा कारकून, मुकादम आणि शेठची बोलणी खाणारा, तिन्ही एकच. काका जॉबर होते. लूम जुळवायचे आणि बिघडले की ताळ्यावर आणायचे, हे त्यांचं काम. शेलारहून नदीनाक्यावरून सायकल मारत यायचे. वयाने माझ्या वडिलांएवढे. एकदा ते आंघोळीची बादली घेऊन बसले होते आणि शर्ट खुंटीला होता, तेव्हा गंमत म्हणून मी त्या दोऱ्याच्या दोन गाठी गुपचूप सोडल्या. दुपारभर माणूस सैरभैर. प्रत्येक लूमपाशी जाऊन कान लावून उभा. शेवटी माझ्या टेबलाशी आले.

“माजी दोन कामं कोनी केली?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“गाठ ज्यानं बांदली त्यानंच सोडायची. न्हायतर त्यानं तोंडानं सांगायचं, सोड म्हनून. दुसऱ्याची गाठ सोडू नये, मेहता.”

म्हाताऱ्याचं खूळ, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मला तेव्हा बरंच काही खूळ वाटायचं.

ऐंशी साल उलटल्यावर शेठनी एक जर्मन लूम घेतला. शेठ जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. घरात आमच्यासारखीच मराठी, कामगारांशी हिंदी आणि रागावले की दोन्हींची मिसळ. जर्मनीतल्या एका लहान गावातली गिरणी बंद पडली होती, तिचं सामान भंगारात निघालं आणि फिरत फिरत त्यातला एक लूम आमच्या दारात आला. आमच्या कामगारांना जर्मनी म्हणजे जर्मनच्या पातेल्यांचा देश, एवढीच माहिती. त्यामुळे बघायला गर्दी झाली. ट्रक कशेळीला अडकून पडला होता, म्हणून दुपार झाली. लूम खाली उतरला तेव्हा काकांनी कोणालाही हात लावू दिला नाही. आधी तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्या चारही लोखंडी पायांवर घातलं. लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालतात, म्हणून घातलं. त्या दिवसापासून त्या लूमचं नाव पाहुणा पडलं.

पाहुण्याच्या अंगातल्या एका खाचेत, तेलकट कागदात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड निघालं. एका बाजूला रंगीत चित्र होतं. खाली उंच मनोऱ्याचं दगडी चर्च, त्याच्यामागे टेकडी, टेकडीवर किल्ला. दुसऱ्या बाजूला जर्मनमध्ये चार ओळी, खाली नाव आणि पत्ता. काकांनी माझ्यामागे असा लकडा लावला की शेवटी एका शुक्रवारी मी ते कार्ड घेऊन ठाण्याला गेलो. तिथे एक वयस्क पाद्री होते, त्यांना जर्मन वाचता येत होतं. त्यांनी वाचून सांगितलं ते असं: हा लूम ज्याच्या हाती जाईल त्याला नमस्कार. मी यावर बत्तीस वर्षं काम केलं. याला थंडी सोसत नाही, तेवढं सांभाळा.

भिवंडीत थंडीचा प्रश्नच नव्हता. आमच्या कारखान्यात मे महिन्यात माणूस उभ्या उभ्या शिजायचा. पण काकांनी ते मनावर घेतलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी त्यांनी पाहुण्यावर घोंगडी घातलेली असायची, आणि ती ते अशी अलगद काढायचे, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरची काढताहेत.

मग त्यांनी रविवार काढला. आमच्याकडे वीज शुक्रवारी बंद, त्यामुळे कारखाने शुक्रवारी बंद. रविवारी सगळे लूम चालू. काका मात्र रविवारी सकाळी दहा ते बारा पाहुणा बंद ठेवायला लागले. त्याच्याकडे तो चर्चचा टाइम असतो म्हणाले. शेठ भडकले. लूमचा धर्म कोणी विचारला होता, म्हणाले. काकांनी शांतपणे उत्तर दिलं की तुम्ही शुक्रवारी मशिदीत जाता, मी मंगळवारी वज्रेश्वरीला जातो, तो बिचारा मुलूख सोडून आलाय, त्याला दोन तास नकोत? शेठ पुटपुटत निघून गेले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. खरं कारण असं की पाहुण्यावरचा कापडाचा ताका नुसता हात फिरवला तरी ओळखू यायचा, इतका साफ निघायचा.

चहाच्या सुट्टीत काका ते पोस्टकार्ड काढायचे आणि माझ्याकडून धागे मोजायचं भिंग मागून घ्यायचे. चर्चच्या खिडक्या त्यांना पाठ होत्या. किल्ल्याच्या बुरुजांवर किती कबुतरं बसलीत तेसुद्धा सांगायचे, आणि ती खरंच कबुतरं होती की छपाईचे डाग, हे आजही मला सांगता येणार नाही. पण त्यांना एक गोष्ट खटकायची. या चित्रात गिरणी कुठे आहे? बत्तीस वर्षं ज्या गिरणीत घालवली ती नसलेलं चित्र माणूस का पाठवील? बरंच डोकं लावून त्यांनी ठरवलं की गिरणी किल्ल्याच्या मागच्या अंगाला असणार. खालून दिसत नाही, पण किल्ल्यावर चढलं की दिसत असणार.

आणि पट्टा. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला फेकणारी जी लाकडी काठी असते, तिला पाहुण्यावर खालच्या बाजूने एक काळा चामड्याचा पट्टा बांधलेला होता, पक्की गाठ मारून. दुसऱ्या कुठल्याच लूमला तसा नव्हता. त्याने काठीचा मार थोडा मऊ पडतो हे काकांना दिसत होतं, पण मऊ का पाडायचा हे कळत नव्हतं. जुनी एखादी खोड झाकायला बांधला असेल, तर ती खोड अजून आहे की गेली? काकांच्या लेखी गाठ म्हणजे राहिलेलं काम. हे काम झालं की राहिलं, हे सांगणारा माणूस त्या चित्रातल्या गावात होता. मी म्हणायचो, सोडून बघा ना एकदा. ते मान हलवायचे. बारा वर्षं त्यांनी त्या गाठीला बोट लावलं नाही.

नव्वदनंतर जर्मनीतल्या एका मोठ्या शहरात कापडाच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं आणि भिवंडीतले पाच-सहा कारखानदार निघाले. शेठना इंग्रजीची अडचण, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मी विमानात बसणार म्हणून घरात गुळपोळ्या झाल्या. काकांनी मात्र माझ्यासमोर उभं राहून दोऱ्याला एक गाठ मारली.

“ही किल्ल्याची,” म्हणाले.

मग त्यांनी ते पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलं. पुडक्यात पाहुण्यावर विणलेलं दोन मीटर कापड होतं. कार्ड लिहिणाऱ्याला भेट, कापड दे, तुझा लूम चालू आहे म्हणून सांग, आणि विचार की पट्टा सोडू का ठेवू. एवढं मला तीन वेळा म्हणायला लावलं. शेवटी थोडं लाजून म्हणाले, जमलं तर वर चढ आणि गिरणी दिसते का बघ.

प्रदर्शनातला शेवटचा दिवस शेठनी मला मोकळा दिला. मी सकाळची गाडी पकडली आणि दीड तासात त्या गावात उतरलो. स्टेशनाबाहेर आलो तर समोर पोस्टकार्डच उभं. तेच चर्च, तोच किल्ला. मला खरंच भरून आलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे केलं ते दगडाच्या काळजाने केलं असं नाही.

चर्चमध्ये गार होतं आणि मेणाचा वास होता. मी चप्पल काढायला जागा शोधली, मग बूट आहेत हे लक्षात आलं आणि तसाच आत गेलो. डाव्या हाताला जुनी लाकडी बाकं होती आणि त्यातल्या एकाच्या कडेला काय कोरलेलं असावं? धोटा. आमच्या कारखान्यातल्या कोणीही लांबून ओळखला असता. ते पूर्वीच्या विणकरांचं बाक होतं, शेजारच्या पाटीवर इंग्रजीतही लिहिलं होतं. मी त्यावर जरा बसलो. काका असते तर आधी हात लावून पाया पडले असते आणि मग धोट्याचं टोक बरोबर कोरलंय का ते तपासलं असतं.

किल्ल्यात तिकीट काढल्यावर बुटांवर चढवायला भल्यामोठ्या लोकरी सपाता देतात, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून. सगळे पाय घासत, घसरत चालले होते, चांगली म्हातारी माणसंसुद्धा. आरसे, तसबिरी, कोणा राजाचा पलंग. पलंग तोकडा होता. शेवटी गोल जिन्याने बुरुजावर गेलो. वारा होता. खाली सगळं गाव पसरलेलं. मी रूळ शोधले, स्टेशन शोधलं, उतरून जायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घेतला आणि खाली आलो.

तिकिटाच्या बाईला पोस्टकार्ड दाखवलं. तिने नाव वाचलं आणि हसली. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं की हा माणूस रोज चार वाजता चर्चच्या घड्याळाला चावी द्यायला येतो. तुम्ही थोडं थांबा, मी त्याला तुमच्याकडे पाठवते.

तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. एक गाडी साडेतीनला होती, नंतरची पाचला. पाचच्या गाडीने गेलो असतो तर शहरातली दुकानं बंद झाली असती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. माझी मुलगी चार वर्षांची होती. तिला डोळे उघडझाप करणारी बाहुली आणतो असं सांगून आलो होतो. मी ते पुडकं त्या बाईच्या हातात दिलं, त्यावर कारखान्याचं कार्ड ठेवलं, त्यांना द्या म्हटलं आणि उतारावरून पळत सुटलो. चाळीस मिनिटं थांबायचं होतं. तेवढीच गोष्ट होती.

बाहुली मिळाली.

परत आलो तेव्हा काका कारखान्याच्या दारात उभे होते. भेट झाली नाही, असं सांगायचं मी विमानात पक्कं केलं होतं. पण त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, भेटले. म्हातारे झालेत. कापड हातात घेऊन बराच वेळ बघत होते. एकदा सुरुवात झाली की खोट्याला तपशील आपोआप फुटतात. गिरणी दिसली का, तर म्हटलं दिसली, तुम्ही म्हणत होता तशीच, किल्ल्याच्या मागे. काका इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या लूमवरच्या दोघांना हाक मारून सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

“आनि पट्टा?”

ठेवा म्हणालो असतो तर काहीच झालं नसतं. पण बारा वर्षांच्या प्रश्नाला ठेवा हे उत्तर फारच कोरडं वाटलं. त्यांना काहीतरी द्यावं असं वाटलं. मी म्हटलं, सोडा म्हणाले. आता त्याची गरज नाही.

“त्यानं तोंडानं सांगितलं?”

“तोंडानं सांगितलं.”

काकांनी बटणाच्या दोऱ्याची किल्ल्याची गाठ सोडली. मग हात धुऊन आले आणि पाहुण्याचा पट्टा सोडला. गाठ इतकी आवळली होती की त्यांना दाभण लागलं. पट्टा त्यांनी तेलाने पुसला, गुंडाळला आणि खिशात ठेवला.

पंधरा-सोळा दिवस पाहुणा झकास चालला. सगळे म्हणाले, आवाज खुलला. मग एका दुपारी काका समोरच्या लूमवर वाकून तुटलेली तार सांधत होते, कोणीतरी मागून हाक मारली म्हणून वळले, आणि त्याच क्षणी पाहुण्याचा धोटा वाटेतून उडाला. धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. डावा डोळा गेला. मी टेबलावरून बघत होतो आणि काय झालं हे मला इतरांच्या आधी कळलं होतं.

ठाण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते नीट बोलायला लागले. मी उशाशी बसलो होतो. सगळं सांगून टाकायचं म्हणूनच गेलो होतो. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

“त्या म्हाताऱ्याला कळवू नको हां. त्याला वाईट वाटंल. त्याच्याकडं सूत चांगलं असंल, म्हनून सोड बोलला. आपलं सूत हलकं. त्याचा काय दोस?”

मी हो म्हटलं. जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही, आणि त्याला काही सबब नाही. माणूस ज्याला कधी भेटला नाही, ज्याने कधी काही सांगितलं नाही, त्याची काळजी वाहत होता. आणि ज्याने सांगितलं त्याचाच हात धरून.

एका डोळ्याने जॉबरचं काम होत नाही. तार पुढे आहे की मागे, तेच कळत नाही. काका घरी बसले. जाण्यापूर्वी एकदा येऊन त्यांनी पट्टा पुन्हा होता तिथे बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की ही गाठ आता माझी आहे, कोणी सोडायची नाही.

काही महिन्यांनी ते परत आले ते माझ्याकडून पत्र लिहून घ्यायला. त्या म्हाताऱ्याला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पट्टा सोडला, लूम बरा चालतो, आम्ही सगळे हातीपायी धड आहोत, डोळे चांगले आहेत. डोळे चांगले आहेत हे त्यांनी मुद्दाम घालायला लावलं. मी इंग्रजीत लिहिलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे, एवढे शब्द फक्त गाळले. वाटलं होतं पाकीट नंतर फाडून टाकू, पण काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पेटीत टाकलं.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं. म्हाताऱ्याच्या नातीने इंग्रजीत लिहून दिलं होतं. मी ते वाचलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाशी घातलं. काका महिन्यातून एकदा यायचे, सायकल टेकवून विचारायचे, उत्तर आलं का? मी नाही म्हणायचो. असं वर्ष गेलं. अजूनही मला वाटतं की डोळ्याच्या पापापेक्षा हे वर्ष मोठं आहे, कारण डोळ्याच्या वेळी मला पुढचं माहीत नव्हतं.

मग शेठच्या मुलाने नवे लूम आणले आणि पाहुणा भंगारवाल्याला दिला. ट्रकमध्ये चढवताना माणसं पट्टा काढून ठेवत होती, चामडं बरं होतं म्हणून. मी ओरडलो. राहू दे म्हटलं. तो तसाच गेला, काकांच्या गाठीसकट. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी ते पत्र घेऊन शेलारला गेलो.

काका ओटीवर माशांचं जाळं विणत बसले होते. त्याला डोळा लागत नाही, बोटांना कळतं, म्हणाले. पाहुणा गेल्याचं सांगितलं तर नुसतं हं केलं. मग मी पत्र काढलं आणि मराठीत सगळं वाचलं, एक अक्षर न गाळता. म्हातारा लिहीत होता: तुमचं कापड मिळालं, ते मी भिंतीवर लावलं आहे. तुमचा माणूस चार वाजेपर्यंत थांबता तर भेट झाली असती, तो परत येईल म्हणून मी बराच वेळ चर्चच्या पायरीवर उभा होतो. पट्टा मी बांधलेला नाही. मी कामाला लागलो तेव्हापासून तो होता. माझ्या उस्तादाने तो सोडू नकोस एवढंच सांगितलं होतं, का ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही सोडलात आणि तुमचे डोळे चांगले आहेत हे वाचून आनंद झाला. मला बत्तीस वर्षांत तेवढा धीर झाला नाही.

काकांची बोटं जाळ्यात थांबली होती.

“म्हंजे भेटला न्हाय.”

“नाही.”

“चारला तू कुठं व्हतास?”

“गाडीत.”

शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते, पण त्यांनी मला तेवढीही वाट दिली नाही. काकू चहा घेऊन आल्या. काकांनी कप माझ्याकडे सरकवला, निवेल म्हणाले. जाळ्याच्या चार-पाच गाठी मारल्या. मी आता उठावं का असा विचार करत होतो, तेव्हा त्यांनी मान पूर्ण वळवली, चांगला डोळा माझ्याकडे येईल अशी.

“वर तरी चढला व्हतास?”

“चढलो होतो, काका. शपथेवर.”

“मंग आता खरं सांग. गिरनी दिसते का वरनं?”

मी आठवायचा प्रयत्न केला. वारा आठवला, गोल जिना आठवला, त्या लोकरी सपाता आठवल्या. काका जाळं मांडीवर ठेवून वाट बघत होते. मी त्यांना खरं तेच सांगितलं. बुरुजावरून मी फक्त स्टेशन बघितलं होतं.